विषाणूचा ताप आणि नाजूक पेशंट: जवळ बसणाऱ्यानं काय बघायचं, काय लिहायचं, हाक कधी मारायची

नाशिकमधल्या एका रुग्णालयात मेडिसिन वॉर्डात मी बरीच वर्षं सिस्टर म्हणून काम करते आहे. पावसाळ्यात आणि त्यानंतर डेंग्यू-चिकुनगुनिया, थंडी पडली की फ्लू, हे दरवर्षी ठरलेलं. पेशंटजवळ बसणारी माणसं जीव लावून बसतात, रात्ररात्र जागतात, आणि तरी एक चूक पुन्हा पुन्हा होते. सगळ्यांचं लक्ष ताप आणि प्लेटलेट या दोन आकड्यांवर खिळलेलं असतं. पेशंट बिघडायला लागतो तेव्हा ते पुष्कळदा या दोन्हींत दिसत नाही. ते त्याच्या बोलण्यात, लघवीत, पायांत, श्वासात आधी दिसतं. चोवीस तास त्याच्याजवळ तुम्ही असता, आम्ही नसतो.

साठी ओलांडलेले, शुगरचे, डायलिसिसवरचे, किमो चालू असलेले, किडनी बसवलेले, संधिवातासाठी स्टेरॉइड घेणारे, एचआयव्हीचे पेशंट, गरोदर बायका आणि अगदी लहान मुलं, यांच्याजवळ बसणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे. यांच्यात विषाणूचा आजार पुस्तकातल्या वाटेनं जात नाही. कधी ताप येतच नाही, कधी तो गेल्यावर खरं संकट सुरू होतं. पायऱ्या याच क्रमानं घ्या.

पायरी 1: घरातून निघण्याआधी

पहिलं काम, ताप कधी सुरू झाला ते तारीख आणि वेळेसह कागदावर लिहा. "दोन-तीन दिवस झाले" या उत्तरानं फार अडचण होते. डेंग्यूची एनएस-1 तपासणी पहिल्या पाच दिवसांत उपयोगी पडते, त्यानंतर आयजीएम ही वेगळी रक्ततपासणी बघावी लागते. फ्लूचं औषध पहिल्या 48 तासांत सुरू झालं तर सगळ्यात जास्त काम करतं. दाखल झालेल्या गंभीर पेशंटला ते उशिरानंही देतात. डेंग्यूतले धोक्याचे दिवससुद्धा याच तारखेवरून मोजायचे असतात. नक्की आठवत नसेल तर आठवणीचा धागा धरा: "सोमवारी बाजार करून आल्यावर संध्याकाळी हुडहुडी भरली." त्यावरून तारीख निघते.

दुसरं, चालू असलेल्या सगळ्या गोळ्या त्यांच्या पाकिटांसकट पिशवीत टाका. "शुगरची एक पांढरी आणि बीपीची छोटी गुलाबी" यावरून आम्हाला काही कळत नाही.

तिसरी गोष्ट जवळपास कोणी करत नाही, आणि माझ्या मते तीच सगळ्यात मोलाची आहे. हा माणूस एरवी कसा असतो ते चार ओळींत लिहा. स्वतःहून चालतो का, काठी लागते का? नातवंडांची नावं बरोबर सांगतो का? किती उशा घेऊन झोपतो? कानाला कमी ऐकू येतं का? आजी गोंधळल्यासारखं बोलतात असं मी डॉक्टरांना कळवते तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न असतो, "आधीपासूनच अशा आहेत का?" त्याचं उत्तर माझ्याकडे नसतं.

चष्मा, कानाचं मशीन, कवळी हेही पिशवीत घ्या. म्हाताऱ्या माणसाला दिसलं-ऐकू आलं तर वॉर्डात तो कमी भांबावतो. आधारकार्ड, रेशनकार्ड बरोबर ठेवा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसतं का, हे दाखल होतानाच आरोग्यमित्राला, म्हणजे रुग्णालयात बसणाऱ्या योजनेच्या माणसाला, विचारा, डिस्चार्जच्या दिवशी नाही.

*सावध:* अंगदुखीवर घरात पडलेली गोळी देऊ नका. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, असिक्लोफेनॅक ही औषधं डेंग्यूत रक्तस्रावाला वाट देतात आणि अंगातलं पाणी कमी झालेलं असताना किडनीला मारक ठरतात. असिक्लोफेनॅक पुष्कळदा पॅरासिटामॉलबरोबर एकाच गोळीत असतं, म्हणून पाकिटावरचं बारीक अक्षर वाचा. फ्लू किंवा कांजिण्या झालेल्या मुलाला अॅस्पिरिन अजिबात नाही. त्यातून यकृत आणि मेंदूला इजा करणारा एक दुर्मिळ पण भयंकर आजार होऊ शकतो. मात्र हृदयात स्टेंट बसवलेल्या माणसाचं रोजचं अॅस्पिरिन स्वतःच्या मनानं बंद करू नका. ते डॉक्टरांनी ठरवायचं.

ताप उतरवायला पॅरासिटामॉल चालतं, पण तेही मोजून. डोलो, क्रोसिन, कॅल्पॉल ही नावं वेगळी असली तरी आतलं औषध एकच. गावातल्या डॉक्टरांनी एक दिलं, मेडिकलमधून दुसरं आणलं, घरात तिसरं होतं, असं तिप्पट औषध पोटात गेलेले पेशंट आम्ही बघतो. मोठ्या निरोगी माणसालाही चोवीस तासांत 4 ग्रॅमच्या वर जाता येत नाही. यकृत दुखावलेलं असेल तर मर्यादा त्याहून बरीच खाली येते.

पायरी 2: दाखल होताना, कोणी विचारलं नाही तरी सांगायच्या गोष्टी

कॅज्युअल्टीत घाई असते. सगळं विचारलं जाईलच असं धरून चालू नका. यातलं जे लागू असेल ते मोठ्यानं सांगा आणि केसपेपरवर लिहून घ्या:

- गेल्या वर्षभरात स्टेरॉइड घेतलं आहे का: गोळी, दम्याचं औषध, किंवा "गुडघ्यातलं इंजेक्शन"
- किमो, अवयव प्रत्यारोपण, एचआयव्ही, प्लीहा काढलेली असणं
- रक्त पातळ होण्याच्या गोळ्या
- पूर्वी झालेली "ब" कावीळ (हिपॅटायटिस बी)
- पाळी चुकली आहे का, कितवा महिना आहे
- दुखण्याची शेवटची गोळी कधी आणि कोणती दिली
- झाडपाल्याचं औषध, काढा, नाकात घातलेलं कावीळ उतरवण्याचं औषध

शेवटची गोष्ट लोक लपवतात. इथे कोणी रागावणार नाही, खरं सांगा. यकृत का बिघडलं ते शोधताना त्या एका माहितीवर दोन दिवस वाचतात.

स्टेरॉइडबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण हे आमच्याच घरात घडलं. माझ्या वडिलांना फुप्फुसाच्या आजारासाठी कित्येक महिने स्टेरॉइडची गोळी चालू होती. साधा व्हायरल ताप आला. कोणीतरी सांगितलं, स्टेरॉइडनं प्रतिकारशक्ती कमी होते, आणि घरच्यांनी गोळी बंद केली. दुसऱ्या दिवशी त्यांना उलट्या, प्रचंड थकवा आणि बीपी इतकं खाली की उठवेना. शरीराला बाहेरच्या स्टेरॉइडची सवय लागली की स्वतःचं बनवणं मंदावतं, आणि आजारपणात तर गरज वाढते. अशा वेळी गोळी एकदम तोडली की माणूस कोसळतो. बहुतेकांना आजारात तो डोस उलट वाढवून द्यावा लागतो. कमी, जास्त, बंद, काहीही करायचं ते डॉक्टरांना विचारूनच.

"ब" काविळीचा विषाणू वर्षानुवर्षं यकृतात निपचित पडून राहतो. किमो किंवा जोरदार स्टेरॉइड सुरू झालं की तो पुन्हा उठू शकतो. असा उपचार सुरू होण्याआधी त्याची तपासणी झाली आहे का, एवढं विचारा.

पायरी 3: वही

शंभर पानी साधी वही घ्या. मोबाईलमध्ये लिहू नका. बॅटरी संपते आणि बदली बसणाऱ्याला ते दिसत नाही. दर चार तासांनी, आणि काही बदल दिसला की लगेच, एक ओळ लिहायची. ओळीत सहा गोष्टी: वेळ, ताप, लघवी, तोंडानं काय गेलं, श्वास, बोलणं.

नमुना असा:

"दुपारी 2. ताप 99. लघवी सकाळी 8 नंतर नाही. नारळपाणी अर्धं, उलटी एक. श्वास मिनिटाला 26. नाव बरोबर सांगितलं, वार चुकला."

ही ओळ ज्यानं लिहिली त्यानं डॉक्टरांचा अर्धा तास वाचवला. "सकाळपासून बरं नाही वाटत" यातून काहीच हाती लागत नाही.

श्वास मोजताना पेशंटला सांगू नका, सांगितलं की तो बदलतो. पोटावर हलका हात ठेवून घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजा. मोठ्या माणसाचा श्वास स्वस्थ पडलेला असताना 24च्या वर सतत राहिला तर कळवा. 30च्या वर असेल तर धावत या. बोटाला लावायच्या मशीनवर ऑक्सिजन 94च्या खाली दिसला तर बोट कोमट करून, नेलपेंट काढून पुन्हा बघा आणि तरीही कमी असेल तर सांगा. कोविडच्या लाटांमध्ये आपण सगळ्यांनी पाहिलं की ऑक्सिजन उतरलेला माणूस गप्पा मारत बसलेला असू शकतो. तेव्हा "दिसायला तर बरा आहे" यावर भिस्त ठेवू नका.

लघवी मोजायला प्लास्टिकचं मापाचं भांडं मिळतं. साठ किलोच्या माणसाची लघवी तासाला साधारण 30 मिलीच्या खाली जायला नको. भांडं नसेल तर एवढं लक्षात ठेवा: सलाईन चालू असूनही सहा तास लघवी नाही, म्हणजे सिस्टरला सांगायची वेळ झाली. डायलिसिसच्या पेशंटला हे माप लागू नाही. त्यांचं वजन आणि सूज बघतात.

*तपासून पाहा:* पाळी बदलताना, म्हणजे तुम्ही घरी जाऊन भाऊ बसणार असेल तेव्हा, वहीतल्या शेवटच्या तीन ओळी त्याला वाचून दाखवा. "काही नाही, ठीक आहे" एवढं सांगून निघू नका.

पायरी 4: ताप उतरल्यानंतरचे 48 तास

डेंग्यूत सगळ्यात जास्त चुका इथे होतात. ताप साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान उतरतो. नेमक्या त्याच सुमारास रक्तवाहिन्यांमधून पातळ द्रव बाहेर पाझरायला लागू शकतो. तो पोटात, छातीत साठतो. रक्त घट्ट होतं, बीपी घसरतं. हा काळ साधारण 24 ते 48 तासांचा असतो.

अंबड एमआयडीसीत काम करणारा एक तरुण आमच्याकडे होता. पाचव्या दिवशी ताप गेला, तो मोबाईलवर क्रिकेट बघत पडला होता. आईनं डबा आणला, "आता सोडा घरी" म्हणून मागे लागली. मी बीपी बघितलं, 92/78. वरचा आकडा बघून आईला वाटलं थोडं कमी आहे एवढंच. पण दोन आकड्यांमधला फरक फक्त 14 होता. हात हातात घेतला तर बोटं गार, तळवे ओले. त्या आईला दिसत होता मोबाईलवर हसणारा मुलगा. मला दिसत होता शॉकच्या, म्हणजे बीपी कोसळण्याच्या, उंबरठ्यावरचा पेशंट. पुढचे दोन दिवस तो अतिदक्षता विभागात काढून बरा झाला.

म्हणून ताप उतरला की या गोष्टी दर दोन तासांनी बघा:

1. हाताची बोटं आणि पाय गार पडलेत का?
2. नख पाच सेकंद दाबून सोडा. गुलाबी रंग दोन सेकंदांत परत यायला हवा.
3. बीपीच्या दोन्ही आकड्यांतला फरक 20 किंवा त्याहून कमी झालाय का?
4. पोटात सतत दुखतंय का, उलट्या थांबत नाहीत का?
5. हिरड्या, नाक, शी काळी होणं, बाईला अवेळी पाळी: कुठून रक्त?
6. एकदम मलूल, किंवा उलट फार चिडचिड?

यातलं एकही असेल तर प्लेटलेटचा रिपोर्ट येईपर्यंत थांबू नका.

प्लेटलेटबद्दल. रक्तपेढ्यांच्या दारात नातेवाइकांची धावपळ मी दरवर्षी बघते. रक्तस्राव होत नसेल तर केवळ आकडा 40 किंवा 30 हजारांवर आला म्हणून प्लेटलेट चढवायची गरज सहसा नसते. रक्तस्राव नसताना साधारण 10 हजारांच्या खाली गेल्यावर डॉक्टर तो विचार करतात. त्याच रिपोर्टात हिमॅटोक्रिट म्हणजे पीसीव्ही लिहिलेलं असतं, रक्त किती घट्ट झालंय ते त्यावरून कळतं. प्लेटलेट झपाट्यानं पडताहेत आणि पीसीव्ही चढतोय, ही जोडी जास्त धोक्याची. रोजचे दोन्ही आकडे वहीत शेजारीशेजारी लिहा.

पपईच्या पानांचा रस उलट्या होणाऱ्या पेशंटच्या रिकाम्या पोटात ओतू नका. शेळीचं कच्चं दूध तर नाहीच नाही, त्यातून ब्रुसेलोसिससारखा दुसराच ताप मागे लागतो.

आणि सलाईन. पाझरणं थांबलं की बाहेर गेलेलं पाणी आपोआप रक्तात परत येतं. त्या वेळी सलाईन चालू ठेवलं तर फुप्फुसात पाणी होतं, विशेषतः हृदय किंवा किडनी कमजोर असलेल्यांना. "सलाईन का काढलं, पैसे तर भरलेत" असं म्हणत सिस्टरशी भांडणारे नातेवाईक दर मोसमात भेटतात. या टप्प्यावर सलाईन काढणं हाच उपचार असतो. सलाईन चालू असताना पेशंट आडवा झोपू शकत नसेल, खोकल्याबरोबर फेस येत असेल तर लगेच सांगा.

पायरी 5: आडवाटेनं येणारी दुखणी

ही रोज दिसत नाहीत. पण दिसतात तेव्हा जवळ बसलेल्याच्या लक्षात आधी येऊ शकतात.

*मुकाट झालेलं म्हातारं माणूस.* निफाडकडच्या एक आजी फ्लूनंतरच्या न्यूमोनियानं दाखल होत्या. आयुष्यभर द्राक्षबागेत राबलेल्या. तिसऱ्या रात्री सून म्हणाली, "दोन दिवसांनी शांत झोपल्यात बघा सिस्टर." मी दिवा लावला. आजींचे डोळे अर्धे उघडे होते आणि दोन्ही हातांची बोटं चादरीवर चालू होती: घडातला एकेक मणी खुडून टाकावा तशी, एकसारखी, संथ. त्या विरळणी करत होत्या. मेंदू गोंधळला की हात जुनी कामं करायला लागतात. तपासल्यावर रक्तातलं सोडियम फार खाली गेलेलं निघालं. आरडाओरडा करणारा पेशंट सगळ्यांच्या डोळ्यांत येतो. गप्प झालेल्याकडे कोणाचं लक्ष जात नाही. वयस्कर माणसाला हाक मारल्यावर तो नजर देत नसेल, घास तोंडात तसाच धरून ठेवत असेल, दिवसा झोपून रात्री जागत असेल, तर ताप नसला तरी सांगा. त्यांना न्यूमोनिया होऊनही कधीकधी ताप येत नाही.

*"ताप डोक्यात गेला."* तापाबरोबर स्वभावच बदलला, भलतंसलतं बोलणं, नसलेला वास येणं, झटका. हर्पीसच्या विषाणूनं मेंदूला सूज आली तर असं होतं. यात तास मोजावे लागतात. असायक्लोव्हिर हे औषध शिरेतून द्यावं लागतं आणि त्यासाठी डॉक्टर मणक्यातल्या पाण्याच्या रिपोर्टची वाट बघत नाहीत. बाहेरची बाधा समजून भगताकडे घालवलेली एक रात्र इथे फार महाग पडते. मणक्यातून पाणी काढण्याला घाबरून सही न देणारेही खूप असतात. त्यानं माणूस लुळा होतो ही समजूत खोटी आहे. त्या तपासणीशिवाय नेमकं निदान अडतं.

*पायातून वर चढणारी अशक्तता.* ताप किंवा जुलाब होऊन गेल्यावर एक ते चार आठवड्यांत दोन्ही पायांना मुंग्या, मग जिना चढता न येणं, मग हात ढिले. 2025च्या सुरुवातीला पुण्यात गुइलेन-बॅरे सिंड्रोमचे पेशंट वाढले तेव्हा हे नाव घराघरांत पोचलं. तिथे संशय मुख्यतः दूषित पाण्यातल्या जंतूंवर होता, पण चिकुनगुनिया, डेंग्यू, फ्लू यांच्यानंतरही हे होऊ शकतं. लोक याला "तापाचा अशक्तपणा" समजून टॉनिक देत बसतात. फरक असा: साधा अशक्तपणा दिवसागणिक कमी होतो, हा दिवसागणिक वर सरकतो. उकिडवं बसून हात न टेकता उठता येतं का ते बघा. एका दमात मोठ्यानं आकडे मोजायला सांगा. वीसच्या आतच दम तुटत असेल, आवाज गेंगाणा झाला असेल, पाणी गिळताना ठसका लागत असेल तर व्हेंटिलेटर असलेल्या ठिकाणीच न्या.

*दुसरा ताप.* फ्लूतून माणूस दोन-तीन दिवस बरा होतो आणि मग पुन्हा ताप, छातीत कळ, पिवळा किंवा गंजासारखा बेडका. हा बहुधा जिवाणूंचा न्यूमोनिया असतो, विषाणूनं मोकळ्या केलेल्या वाटेनं आत आलेला. "उलटला असेल" म्हणून आधीच्याच गोळ्या परत सुरू करू नका. फ्लूच्या पहिल्या आठवड्यात हृदयविकाराच्या झटक्याचा धोकाही कितीतरी वाढतो. त्या काळात छाती जड वाटली, जबड्यात किंवा हातात दुखलं तर पित्तावर न ढकलता ईसीजी करून घ्या.

*हृदयाची सूज.* ताप 99 आणि नाडी 130, असा मेळ न बसणारा आकडा. आडवं पडलं की धाप, पायावर सूज. तरुण माणसालाही होतं. डेंग्यूतून बरं होताना नाडी पन्नाशीत उतरते, ते बहुतेक वेळा निरुपद्रवी असतं, पण चक्कर येत असेल तर कळवा.

*बिनदुधाच्या चहासारखी लघवी.* सोबत पोटऱ्या किंवा मांड्या ठणकत असतील तर स्नायू विरघळून किडनीवर भार आलेला असू शकतो. फ्लूतून उठलेलं मूल पोटरी धरून चालायला नाही म्हणतं, तेव्हा लघवीचा रंग जरूर बघा. डोळे पिवळे असतील तर यकृत. शेवटच्या तीन महिन्यांतल्या गरोदर बाईला कावीळ झाली तर एक दिवसही घरी काढू नका; हिपॅटायटिस ई त्या काळात जीव घेऊ शकतो.

*अर्धा चेहरा.* शुगर वाढलेली, स्टेरॉइड चालू, आणि एकाच बाजूला गाल दुखतो, नाकातून काळपट खपली, दात हलतो, पापणी सुजते, दोन-दोन दिसतं. 2021मध्ये काळ्या बुरशीनं, म्युकरमायकोसिसनं, किती डोळे आणि जबडे गेले ते आपण विसरायला नको. रोज सकाळी उजेडात चेहऱ्याच्या दोन्ही बाजू ताडून बघा आणि बॅटरीनं टाळू बघा. अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

*नागीण.* विळखा पूर्ण झाला की माणूस दगावतो, ही भीती खोटी. गेरू फासून वाट बघणंही चूक, कारण औषध पुरळ उठल्यापासून 72 तासांत सुरू व्हायला हवं. नाकाच्या शेंड्यावर फोड म्हणजे डोळ्याला धोका, त्याच दिवशी डोळ्यांचे डॉक्टर. कानात फोड आणि तोंड वाकडं असेल तरीही तसंच. किमो किंवा प्रत्यारोपणाच्या पेशंटला फोड अंगावर दुसरीकडेही उठायला लागले तर ते एका पट्ट्यापुरतं राहिलेलं नाही, लगेच दाखवा. मोठ्या माणसाच्या, खास करून गरोदर बाईच्या किंवा विडी-सिगारेट ओढणाऱ्याच्या कांजिण्यांत खोकला-धाप सुरू झाली तर "देवी आल्यात, औषध नको" म्हणू नका. फुप्फुसात उतरल्या आहेत का ते बघावं लागतं.

*न संपणारा ताप.* आठवडा उलटला, ताप हटत नाही, आणि रक्तातल्या लाल, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट तिन्ही एकदम खाली चालल्यात. डॉक्टरांना विचारा: "फेरिटिन बघायचं का?" (ही एक रक्ततपासणी आहे.) शरीराची संरक्षक यंत्रणाच बेभान होऊन स्वतःच्या पेशी गिळायला लागते, असा एक दुर्मिळ प्रकार असतो, तो आधी सुचला तर उपचार आहेत.

*तपासून पाहा:* एवढं सगळं पाठ होणार नाही. वहीच्या पहिल्या पानावर फक्त सात शब्द लिहून ठेवा: बोलणं, श्वास, लघवी, पाय, हात-गार, चेहरा, रक्त.

पायरी 6: हाक मारायची कशी

आधी पाळीवरच्या सिस्टरला, मग निवासी डॉक्टरांना, मग मोठ्या डॉक्टरांना. हा क्रम मोडून थेट मोठ्या डॉक्टरांना फोन लावला की निरोप फिरून परत आमच्याकडेच येतो आणि वेळ जातो. तीन वाक्यांत सांगा: काय बदललं, कधीपासून, आधी कसं होतं. "सात नंबर, रात्री अकरापासून बोलणं अडखळतंय, संध्याकाळी नीट बोलत होते." एवढ्यावर मी हातातलं काम सोडून येते. अर्ध्या तासात कोणी आलं नाही तर पुन्हा सांगा, आणि किती वाजता सांगितलं ते वहीत लिहा. संकोच करू नका. मला पहाटे तीन वाजता पाच वेळा उठवलं तरी चालेल.

राउंडच्या वेळी दोनच प्रश्न विचारा: "आज कशाची भीती आहे?" आणि "काय दिसलं तर बोलवू?"

पायरी 7: दुसरीकडे हलवायचं ठरलं तर

घाबरून गाडीत घालून निघणं, ही चूक डेंग्यूच्या धोक्याच्या दोन दिवसांत जिवावर बेतते. क्रम असा ठेवा.

1. आधी जिथे नेणार तिथे फोन. जागा आहे का? अतिदक्षता, व्हेंटिलेटर, डायलिसिस, यातलं जे लागणार ते आहे का? सिव्हिल असो, बिटको असो, आडगावचं मेडिकल कॉलेज असो की खासगी, ही विचारपूस आधी.
2. मग संदर्भचिठ्ठी, सगळे रिपोर्ट, एक्स-रे किंवा सीटीची फिल्म, आणि शेवटचं औषध किती वाजता दिलं ते. वहीसुद्धा.
3. पेशंटचं बीपी आणि श्वास निघताना स्थिर आहे का, हे डॉक्टरांकडून वदवून घ्या.
4. रुग्णवाहिका 108. सुरगाणा, पेठकडून घाटातून यायचं असेल तर ऑक्सिजन पूर्ण वाटेला पुरेल का, हे निघण्याआधी विचारा. वाटेत रेंज जाते. ज्या डॉक्टरांकडे जाताय त्यांचा नंबर कागदावर लिहून घ्या.

*सावध:* झोपाळलेल्या पेशंटला वाटेत चहा-पाणी पाजू नका. ते श्वासनलिकेत जातं.

पायरी 8: जवळ बसणाऱ्यानं स्वतःला कसं सांभाळायचं

एका वेळी एकच माणूस. सर्दी-खोकला असलेल्यानं किमोच्या किंवा प्रत्यारोपणाच्या पेशंटजवळ यायचंच नाही, मग तो सख्खा मुलगा का असेना. कांजिण्या कधी न झालेली आणि त्याची लसही न घेतलेली गरोदर सून कांजिण्या-नागिणीच्या पेशंटजवळ बसवू नका. मास्क नाकावर, हनुवटीवर नाही. जुलाब-उलट्यांच्या पेशंटनंतर हात साबणानं धुवा; काही विषाणूंवर सॅनिटायझर पुरत नाही. डेंग्यूच्या पेशंटला ताप असेपर्यंत दिवसासुद्धा मच्छरदाणी, कारण त्याला चावलेला डास पुढे दुसऱ्यांना आजार देऊ शकतो.

पायरी 9: घरी गेल्यावर चार आठवडे

डिस्चार्ज कार्ड हातात पडल्यावर तिथेच उभं राहून तीन गोष्टी विचारा: बंद केलेल्या जुन्या गोळ्या पुन्हा कधी सुरू करायच्या, स्टेरॉइड दिलं असेल तर कसं कमी करायचं, रक्ताची पुढची तपासणी कोणत्या तारखेला. बीपीच्या, लघवी होण्याच्या आणि शुगरच्या काही गोळ्या आजारात थांबवलेल्या असतात. लोक एकतर त्या लगेच सुरू करतात नाहीतर कायमच्या विसरतात.

स्टेरॉइड चालू असेल तर शुगर नसलेल्यांनीही ती तपासावी. शुगर असलेल्यांनी रोज, उपाशीपोटी आणि जेवणानंतर दोन तासांनी.

वही बंद करू नका. दिवसातून एकदा लिहा: उकिडवं बसून उठता आलं का, जिना किती चढला, भूक, झोप, लघवीचा रंग. चिकुनगुनियानंतर सांधे महिनोन्महिने दुखू शकतात, नाकावर काळसर डाग उमटतो. त्या डागाला घाबरायचं कारण नाही, तो हळूहळू फिका पडतो. पण पायातली ताकद कमी होत चालली, पुन्हा ताप आला, पायऱ्या चढताना नव्यानं धाप लागली, किंवा माणूस पुन्हा मुकाट झाला तर तारखेची वाट न बघता या.

येताना वही आणा. ओपीडीत नंबर यायला वेळ लागला तर केसपेपर काढणाऱ्या सिस्टरला ती उघडून दाखवा, कालची ओळ आणि आजची ओळ.